अभयाचे ऋण

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा गेली काही वर्षे युगांडातील कंपाला शहरी नोकरीस आहे. भोकरसारख्या तालुक्याच्या गावातून इतक्या दूर गेलेल्या मुलांना मामाची आठवण दोन प्रसंगी होते. एक, दिवाळीच्या फराळाच्या वेळी. आणि दुसरी, आपण पाहिलेले काही भव्य आता कोणाला तरी दाखवावे असे वाटू लागले म्हणजे. यंदा त्याला ही दुसरी आठवण झाली. फोनवर तो म्हणाला, "मामा, शाळेत तुम्ही आम्हांला पृथ्वीच्या गोलावर आफ्रिका दाखवली. आता मी तुम्हांला ती खरी दाखवतो. जानेवारीत या. बविंडीच्या रानात आपण डोंगरी गोरिला पाहायला जाऊ. खर्च सगळा माझा."

मला मोठा आनंद झाला, हे प्रथम कबूल केले पाहिजे. ज्या माणसाचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे निवृत्तीनंतर केलेली रामेश्वरची यात्रा, त्याला एकदम विषुववृत्ताजवळच्या अरण्याचे बोलावणे यावे! मी तत्काळ वही काढली आणि बेत लिहावयास बसलो. यात्रेचा अर्धा आनंद बेतातच असतो. प्रथम पीतज्वराची लस टोचून घ्यावयाची. तिच्या दाखल्याशिवाय युगांडात प्रवेश नाही, आणि परत येताना आपल्याकडेही तो मागतात. कंपालाहून नैर्ऋत्येकडे मोटारीने आठ-दहा तास. परवाना कित्येक महिने आधी काढावा लागतो. परदेशी पाहुण्यास २०२४ पासून त्याचे ८०० डॉलर पडतात, म्हणजे आजच्या भावाने सत्तर हजारांच्या घरात. आमच्याकडच्या कोरडवाहू एकरातून सोयाबीनच्या एका हंगामात इतके हाती येत नाही. शेजारच्या रुआंडात तर २०१७ पासून १५०० डॉलर. सकाळी रानाच्या तोंडाशी जमावयाचे. आठ जणांची एक तुकडी. माग काढणारे लोक पहाटेच पुढे गेलेले असतात. कळपाने आदल्या रात्री पानाफांद्यांची अंथरुणे कोठे केली होती, तेथून ते माग धरतात. चाल एक तासाची होईल किंवा सहा तासांची. चिखल, चढ, आग्या खाजकुइलीसारखे झोंबणारे रान; म्हणून हातमोजे, काठी, आणि सामान उचलावयास गावातला एक गडी. कळप सापडला की तोंडाला फडके बांधावयाचे, दहा मीटर अंतर राखावयाचे, आणि घड्याळ लावून एक तास पाहावयाचे. तास झाला की पाठ फिरवावयाची.

हे सारे लिहून झाल्यावर यादीच्या तळाशी भाच्याने सांगितलेले एक कलम राहिले होते. तेही लिहिले : ताप, सर्दी किंवा खोकला असणाऱ्यास कळपाजवळ जाऊ देत नाहीत.

येथे माझी लेखणी थांबली. कारण दर वर्षी दसरा उलटला, रानात कापसाची बोंडे फुटू लागली, की माझ्या छातीत एक खोकला येऊन मुक्काम ठोकतो आणि होळी पेटेपर्यंत हलत नाही. डॉक्टर म्हणतात, "गुरुजी, हा बहुधा धुळीचा आहे, कोणाला लागावयाचा नाही." मी ही अडचण भाच्याला सांगितली. तो मनापासून हसला. "मामा, त्या सकाळी एक गोळी घ्या. एका तासाचा तर प्रश्न. कोणाला कळणार आहे?"

'कोणाला कळणार आहे' हे वाक्य मी पस्तीस वर्षे परीक्षेच्या दालनांत ऐकले. मुलांच्या तोंडून ऐकले, पालकांच्या तोंडून ऐकले, आणि क्वचित् ज्यांच्या तोंडून ऐकू नये त्यांच्याही तोंडून ऐकले. त्याला माझ्यापाशी ठरलेले उत्तर होते, आणि ते मी ठणकावून देत असे. परंतु तेव्हा नक्कल दुसऱ्याची होती. आज प्रथमच ते वाक्य माझ्या सोयीचे होते, आणि माझ्या ध्यानात आले की सोयीच्या वेळी ते किती गोड लागते. शिवाय डॉक्टरांनी दिलेला तो 'बहुधा' माझ्या बाजूला होताच. नीतीचे प्रश्न चोरीमारीच्या ठिकाणी क्वचितच अडतात. ते अशा 'बहुधा'पाशी येऊन अडतात.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण गोरिलाच्या लेखी तो क्षुल्लक नाही. हा प्राणी देहाने आपल्या इतका जवळचा आहे की आपले श्वसनाचे रोग त्याला सहज लागतात, आणि त्या रोगांशी झुंजण्याची आपली जुनी सवय मात्र त्याला नाही. २००९ साली रुआंडातील एका कळपात असाच आजार पसरला. त्यात एक मादी आणि एक पिलू दगावले, आणि त्यांच्या देहांत माणसांत आढळणारा विषाणू सापडला. आपल्याकडे जो विकार चार दिवस आल्याचा काढा पिऊन जातो, तो तेथे घर बुडवू शकतो. तात्पर्य, माझा खोकला ही आता माझी खाजगी बाब राहिली नव्हती.

एकदा असा प्रश्न मनात शिरला की तो एकटा राहत नाही; आपली भावंडे घेऊन येतो. मी खोकल्यासह जावे की नाही, या प्रश्नामागून दुसरा आला : खोकला नसता तरी मी कोणत्या अधिकाराने जाणार होतो? ज्याला आपण भेट म्हणतो तिचे आमंत्रण एकाच पक्षाने दिलेले असते. घरधन्याला कोणी विचारलेले नसते.

रानातला गोरिला माणसाला पाहून पळतो, किंवा छाती बडवून अंगावर येतो. तो आपल्यासमोर निवांत बसून पाला खातो याचा अर्थ त्याला तसे बसावयास शिकवलेले असते. दोन-तीन वर्षे रोज माणसे त्याच्या मागावर जातात, थोडे थोडे जवळ सरकतात, तो ओरडला तरी अंगाला हात लावीत नाहीत. आणि हळूहळू त्या कळपाच्या मनातली माणसाविषयीची भीती झिजून जाते. मग आठजणांची तुकडी येऊ शकते. आपण ८०० डॉलर देतो ते रानाचे नव्हेत, गोरिलाचेही नव्हेत. ते त्याच्या हरपलेल्या भयाचे देतो. ते भय त्याची ढाल होती. ती आपण त्याच्या हातून काढून घेतली, आपल्याला पाहणे सोयीचे व्हावे म्हणून.

ढाल काढून घेतल्याचे काय होते, याचीही हकीकत आहे. डायन फॉसी या अमेरिकन बाईंनी १९६७ साली रुआंडातल्या विरुंगा पर्वतांत ठाणे मांडून गोरिलांचा अभ्यास आरंभला. त्यांच्या ओळखीचा एक जवान नर होता, 'डिजिट' नावाचा. तो माणसाला इतका सरावला होता की त्याचे चित्र रुआंडाच्या पर्यटनाच्या भित्तिपत्रकावर झळकले. आम्हांला पाहायला या, असे जणू तोच जगाला सांगत होता. १९७७ च्या अखेरच्या दिवशी शिकाऱ्यांनी त्याला भाल्यांनी मारले आणि त्याचे डोके व हात तोडून नेले. फॉसीबाईंनी पुढील आयुष्य शिकाऱ्यांशी वैर करण्यात घालवले. प्रवाशांना कळपापर्यंत आणण्याची कल्पना त्यांना मान्य नव्हती. १९८५ च्या डिसेंबरात त्यांच्याच झोपडीत त्यांचा खून झाला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग झाले तर! जाऊ नये, हाच निष्कर्ष. मलाही काही दिवस तसेच वाटत होते, आणि त्या वाटण्यात एक प्रकारचे सात्त्विक सुखही होते. घरी बसून पुण्य मिळत असेल तर कोणाला नको? परंतु हिशेबाची दुसरी बाजू पाहिल्यावर ते सुख टिकले नाही.

१९६९ साली रुआंडाने आपल्या ज्वालामुखी उद्यानाची सुमारे दहा हजार हेक्टर जमीन काढून तेथे कीटकनाशकासाठी लागणाऱ्या पायरेथ्रम फुलांची शेती केली. देश लहान, माणसे दाट, जमीन कसदार. रान पाडावे असे कोणालाही वाटणारच. १९८१ साली विरुंगा पर्वतांत मोजले तेव्हा गोरिला उरले होते २५४. त्याच सुमारास बिल वेबर आणि एमी वेडर या तरुण जोडप्याने एक निराळा विचार मांडला : रान उभे राहून देशाला पैसा देत असेल तरच ते उभे राहील, म्हणून काही कळपांना माणसाची सवय करावी आणि थोड्या लोकांना, कडक नियमांनी, दाम घेऊन ते दाखवावेत. तसे झाले. मध्यंतरी रुआंडात यादवी झाली, माणसांचा भयंकर संहार झाला. तरी गोरिला तगले. २०१८ साली जाहीर झालेल्या मोजणीत विरुंगातील संख्या ६०४ झाली होती, आणि बविंडीतले धरून सारे मिळून १००४. त्याच वर्षी जागतिक यादीत त्यांची पायरी 'अति संकटग्रस्त'वरून एक घर वर सरकली. रानातले गिऱ्हाईक वाढले आणि रानही वाचले, असे उदाहरण जगात फार नाही. पशुवैद्य रानात जाऊन जखमी गोरिलावर उपचार करतात आणि पहारेकरी फासे उचलतात, त्यामागे या पैशाचा मोठा आधार आहे.

आणि कोणीच गेले नाही तर काय होते, हा प्रयोगही नियतीने करून दाखवला. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे ही उद्याने प्रवाशांना बंद झाली. रानाकाठच्या गावांचा रोजगार बसला. त्याच जूनमध्ये बविंडीत 'रफिकी' हा सतरा जणांच्या कळपाचा नायक भाल्याने मारला गेला. मारणाऱ्याने सांगितले की आपण लहान शिकारीसाठी आलो होतो आणि तो अंगावर आला म्हणून मारले. त्याला अकरा वर्षांची सजा झाली. रफिकी या शब्दाचा अर्थ मित्र. माणसाला सरावलेला तो प्राणी; आणि सवय लावणारी माणसे त्या दिवशी आपापल्या घरी बसलेली.

तेव्हा 'मी जात नाही' एवढ्याने माझे हात स्वच्छ होत नाहीत. ज्याचे भय माणसाने एकदा काढून घेतले, त्याला पुढे एकटे सोडून देणे हाही अपराधच.

आपल्याकडे भय काढून घेणे आणि अभय देणे यांत फार अंतर मानले आहे. महानुभावांच्या परंपरेत चक्रधरस्वामींची सशाची कथा सांगतात. पारध्यांनी पिटाळलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडला. पारधी आले, ससा मागू लागले; शरण आलेल्याला स्वामींनी दिले नाही. मी ही गोष्ट कितीदा मुलांना सांगितली असेल. पण तिच्यातली एक बारीक गोष्ट मला या खोकल्याच्या निमित्ताने प्रथम दिसली. ससा आपल्या पायांनी आला होता. त्याने आश्रय मागितला आणि मग त्याला अभय मिळाले. गोरिलाने आश्रय मागितलेला नाही. आपणच त्याच्या दारी जाऊन त्याची ढाल घेऊन आलो. मागणाऱ्याला दिलेले अभय हे दान होते. न मागणाऱ्याचे भय काढून घेतले तर ते ऋण होते. दान आपल्या खुशीचे असते. ऋण फेडावेच लागते, आणि ते फिटेपर्यंत सावकाराच्या दारावरून ताठ मानेने जाता येत नाही.

मग ऋण फेडावे कशाने? ८०० डॉलरने? येथे मला दुसरी गोष्ट आठवते, शिबी राजाची. कबुतर शरण आले, ससाणा आपले भक्ष्य मागत आला. राजाने दोघांचाही हक्क मान्य केला आणि कबुतराच्या भारंभार मांस तराजूत घातले. ते आपल्या मांडीचे. ही कथा आपण दयेची म्हणून सांगतो. वस्तुतः ती न्यायाची आहे. तिचे मर्म मांस देण्यात नाही, कोणाचे मांस दिले यात आहे. शिबी राजा होता. हुकूम केला असता तर शेजाऱ्याच्या मांडीचे मांसही तराजूत पडले असते, कबुतर वाचले असते, ससाणा तृप्त झाला असता, आणि दयाळू म्हणून राजाची कीर्तीही झाली असती.

बविंडीच्या रानात हेच घडले. तेथे बात्वा नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते; मध गोळा करीत, लहान शिकार करीत, रानातली मुळे-पाने औषधाला वापरीत. १९९१ साली बविंडी आणि म्गाहिंगा ही राष्ट्रीय उद्याने झाली आणि बात्वांना रानाबाहेर काढले. त्यांच्या नावावर जमिनीचा कागद नव्हता, म्हणून भरपाईही धडपणे झाली नाही. आज त्यांतले बरेच जण दुसऱ्यांच्या शेतांच्या बांधावर राहतात, आणि काही जण पूर्वी आपण रानात कसे राहत होतो याचा देखावा पाहुण्यांना करून दाखवतात. उद्यानाच्या प्रवेशशुल्काचा पाचवा भाग काठच्या गावांना मिळतो, शाळा-दवाखाने होतात, हे खरे आहे आणि चांगले आहे. पण तराजूत प्रथम जे मांस पडले ते माझ्या मांडीचे नव्हते, माझ्या भाच्याच्याही नव्हते. परवान्याच्या छापील कागदावर त्याचा आकडा नसतो.

हे वाचून आफ्रिकेकडे बोट दाखवण्याचा मोह होईल. तो आवरावा, कारण माझ्या घरापासून मोटारीने एका सकाळीत पोचता येते अशा ठिकाणी हाच तराजू टांगलेला आहे. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्ग आमच्या भोकरवरून किनवटच्या रानाकडे जातो. आदिलाबादेस उतरून नागपूर रस्त्याने पैनगंगा ओलांडली की पांढरकवड्याच्या अलीकडे टिपेश्वरचे अभयारण्य लागते. १९९७ सालचे, जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचे. वाघांसाठी आता नावाजलेले. गेल्या उन्हाळ्यात मी दोन जुन्या सहकाऱ्यांसह तेथे गेलो होतो. सुन्ना फाटकातून उघड्या जीपमधून आत गेलो. तासाभराने एका पाणवठ्यावर वाघीण दिसली.

त्या क्षणाविषयी खोटे बोलणार नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आले. एवढे देखणे, एवढे स्वतःपुरते पुरे असलेले काही मी पूर्वी पाहिले नव्हते. पाचसात जीपा भोवताली उभ्या होत्या, तोंडातोंडांनी कुजबुज होती, कोणाचे तरी मूल भुकेने रडत होते; आणि ती पाणी पीत होती. पाणी पिऊन झाल्यावर तिने वर पाहिले, ते आमच्यावरून. जसे आपण बसस्थानकावरच्या गर्दीवरून गाडीची पाटी पाहतो तसे. आम्ही तिच्या जगात धोंड्यांसारखे झालो होतो. तेव्हा मला त्याचे फार कौतुक वाटले. आज वाटते की तिच्या त्या निर्धास्तपणाचा कर्ज-रोखा आमच्याच नावे होता, आणि आम्ही तो न वाचताच फाटकाबाहेर पडलो.

आमच्याबरोबरचा वाटाड्या रानाकाठच्या खेड्यातलाच पोरगा. परतताना मी त्याला विचारले, "रोज वाघ पाहतोस, भाग्यवान आहेस." तो म्हणाला, "गुरुजी, तुमी वाघ पाहाले येता. माही माय सरपनाले जाते तवा वाघ दिसू नये म्हनून हात जोडते." हे तो तक्रारीने बोलला नाही. त्याची नोकरी वाघावर चालते हे त्याला ठाऊक होते, आणि आईची भीती खरी आहे हेही. एकाच घरात दोन्ही नांदत होती.

याच पांढरकवडा-राळेगावच्या टापूत 'अवनी' वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारण्यात आली. दोनेक वर्षांत तेरा माणसांचे बळी तिच्या माथी होते. ती अभयारण्याच्या बाहेर, शेते आणि झुडपी रान यांच्या सरमिसळीत दोन बछड्यांसह राहत होती; तिच्या प्रकरणाशी पाहुण्यांच्या जीपांचा संबंध जोडणे अन्यायाचे होईल. पण नंतर जे घडले ते आठवावे. शहरांत मेणबत्त्या लागल्या. त्या खेड्यांत फटाके वाजले. दोन्हींकडची माणसे निष्ठुर नव्हती. एकीकडचे लोक वाघावर प्रेम करीत होते आणि त्या प्रेमाची किंमत दुसरीकडचे देत होते. कापसाच्या शेतात रात्री जागलीला बसणाऱ्याला शिबी राजाने विचारले नव्हते की तुझी मांडी वापरू का. मी स्वतः त्या वेळी मेणबत्तीवाल्यांच्या बाजूचा होतो. भोकरात बसून तसे असणे मला काही पडत नव्हते.

मग काय, पाहूच नये? येथे आमचे एक वयोवृद्ध स्नेही म्हणतात, की पाहिल्यावाचून प्रेम उपजत नाही. आपण माहूरला रेणुकेच्या दर्शनास जातोच ना? मला हा दृष्टांत पटतो, पण तो ते समजतात त्याहून अधिक कडक आहे. दर्शनाला जाणारा काही नेम पाळतो. उपास करतो, पाय धुतो, रांगेत उभा राहतो, सोयरसुतक असले तर कितीही नवस बोललेला असला तरी उंबऱ्याबाहेर थांबतो. त्या वेळी तो म्हणत नाही, की कोणाला कळणार आहे. देवीला आपल्या सुतकाने इजा होत नाही हे त्यालाही ठाऊक असते. तरी तो थांबतो. येथे तर इजा होते, प्रत्यक्ष होते. देवीसमोर जो नेम निव्वळ श्रद्धेने पाळायचा, तो पाला खात बसलेल्या एका मुक्या जीवासमोर विज्ञान सांगत असता मोडायचा, ही कसली भक्ती?

दर्शनात आणखी एक गोष्ट असते : ते न होण्याची तयारी. यात्रेकरू कळसाला हात जोडून परत येतो आणि यात्रा फुकट गेली असे म्हणत नाही. आपण मात्र परवान्याचे पैसे मोजल्यावर दिसणे हा आपला हक्क समजतो. टिपेश्वरला फाटकाबाहेर मी अशी माणसे पाहिली. वाघ दिसला नाही म्हणून वाटाड्यावर खेकसणारी. हक्क म्हटला की वाटाडा जीप आणखी जवळ नेतो, माग काढणारा दहाचे सात मीटर करतो, मामा गोळी घेतो. नियम बाहेरून मोडत नाहीत. या 'पैसे दिले आहेत'मधून झिजतात.

टिपेश्वरचाच एक वाघ होता. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात संदेश धाडणारा पट्टा बांधला होता. त्या जूनमध्ये तो जन्मगाव सोडून निघाला आणि आदिलाबादच्या बाजूने, पैनगंगेच्या खोऱ्यातून, आमच्या नांदेड जिल्ह्याच्या कडेने, हिंगोली-वाशीम करीत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोचला. नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरांहून अधिक चालला. वाटेत शेते, नाले, रस्ते, वस्त्या. तो दिवसा झुडपांत दडे, रात्री चाले. एवढ्या वाटेत एक माणूस जखमी झाला, तोही वाघ निजला होता त्या झाडोऱ्यात गेला म्हणून. लाखो माणसांच्या उशाशी तो गेला आणि बहुतेकांना कळलेही नाही. त्याला कोणी अभय दिले नव्हते. त्याचे भय त्याच्यापाशी शाबूत होते, आणि त्या भयानेच त्याला आणि आपल्यालाही सांभाळले. त्या दिवसांत मी रोज पहाटे किनवट रस्त्याने फिरावयास जात होतो. कोणाचा परवाना काढला नव्हता. दिसले काहीच नाही. तरी ती वर्तमानपत्रातली हकीकत वाचली तेव्हा मला जो आनंद झाला, तो पाणवठ्यावरच्या आनंदाहून कमी नव्हता, हे मी आता नीट तपासून सांगतो.

तथापि सगळ्याच प्राण्यांना आता असे निसटून राहता येणार नाही. एक हजार गोरिलांचे रान चहूबाजूंनी शेतांनी वेढलेले आहे. त्यांना सांभाळणारा माणूसच हवा, आणि सांभाळण्यास दाम हवा. म्हणून जाणारांनी जावे असेच मी म्हणेन. पण ऋणको म्हणून जावे. ज्याचे भय घेतले त्याच्या रक्षणाचा भार एका तासाने संपत नाही, हे समजून जावे. किंमत कोणाच्या मांडीची पडते आहे ते विचारावे, आणि होईल तितकी आपल्या मांडीची द्यावी. आणि उंबऱ्यावर थांबावे लागले तर थांबावे.

हे सारे लांबण लावून भाच्याला फोनवर कसे सांगणार? मी एवढेच म्हणालो, "बाळ, जानेवारीत माझा खोकला असतो. तू जा. मी येत नाही." त्याला वाईट वाटले. परवान्याचे पैसे भरून झाले होते. ते बुडण्याची भीती होती. तो म्हणाला, "मामा, डॉक्टर तर म्हणाले ना, लागणारा नाही म्हणून?" मी म्हणालो, "बहुधा, म्हणाले." पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने विचारले, "आणि पैसे?" मी म्हणालो, "माझ्या वाट्याचे बुडाले तर ते मी देईन. निवृत्तिवेतनातून, हप्त्याहप्त्याने." तो रागावला, मामाकडून पैसे घेतील का कधी? पण मी आग्रह सोडलेला नाही. माझ्या मांडीवर एवढी तरी खूण उमटू द्यावी.

जानेवारीत तो एकटाच जाणार आहे. मी त्याला दोन गोष्टी बजावल्या आहेत. सामान उचलावयास गावातला गडी घ्यावा, गरज नसली तरी घ्यावा, आणि त्याच्याशी घासाघीस करू नये. दुसरे, बात्वांच्या एखाद्या वस्तीत जावे आणि तेथे नाच पाहण्याआधी विचारावे, की तुमच्या आजोबांचे घर या रानात नेमके कोठे होते. ते त्याने मला लिहून कळवावयाचे आहे. गोरिला कसा दिसला ते सांगितले नाही तरी चालेल.

हे लिहीत असता खोकल्याची उबळ आली. हिने आतून विचारले, "गोळी घेतली का?" घेतली म्हणालो. घरात आम्ही दोघेच आहोत, येथे ती घ्यावयास हरकत नाही.